उलटं चाडं

तिफणीचं चाडं बी खाली सोडतं, मातीत.
माझं पत्र्याचं चाडं उलट्या कामाचं,
यातून माती आपली वस्ती खाली सोडते.

वर चाळीसचा बल्ब,
जाळीवर ओंजळभर माती, पानांचा चुरा,
खाली बाटलीत बोटभर स्पिरिट.
उजेड नको, कोरड नको म्हणून ते उतरत जातात
ओल शोधत, एकेक मजला,
आणि शेवटच्या मजल्याखाली
पाय सुटतो.
आवाज होत नाही.

वनरक्षकाचं रिकामं क्वार्टर. सहा चाडी रांगेत.
धानाच्या कोरड्या बांधीतली माती,
बोडीच्या काठची, उकिरड्याची,
वारुळाशेजारची,
आणि दोन मोहांखालच्या:
एक मोह जळल्या पाचोळ्याचा,
एक तसाच राहिलेला.

जैवंता कोडापे पिशव्या वाहून आणते माझ्यासोबत.
तिसऱ्या दिवशी मी तिला भिंगाखाली बघायला लावलं.
बराच वेळ डोळा हलवला नाही तिनं.
मग म्हणाली, "हे त चारोळ्या हायेत जी.
चालणाऱ्या चारोळ्या."

कोळ्याच्या कुळातले, मी सांगितलं.
जन्मतात तेव्हा पाय सहाच,
कात टाकली की आठ.
बहुतेकांना डोळे नाहीत.
बुरशी खातात, कुजकं पान दळतात,
आयुष्यभर चालून या टेबलाएवढंही
अंतर कापत नसतील.
शेणकिडा उडाला की काही त्याच्या पोटाला धरून
दुसऱ्या पोवट्यापर्यंत फुकट जातात.
"एसटीनं," ती म्हणाली.

माझ्या वहीत त्यांना आकडे होते. म-१३, म-१४.
तिनं शेजारच्या रकान्यात नावं सांगायला घेतली,
मी पेन्सिलनं लिहीत गेले.
लांब पायांचा, दुसऱ्यांची पिल्लं खाणारा:
"हा तेंदूफळीवरचा मुन्शी. बसतच नाही."
धक्का लागताच डोकं पोटात घालून
डबीसारखा बंद होणारा:
"माही नणंद. बोललं का मिटली."
म-२२ मध्ये नर सापडलेलेच नाहीत, मी म्हटलं,
आईला लेक, लेकीला लेक, असंच चाललंय.
यावर ती पदर तोंडाला लावून हसली,
मग एकदम थांबली
आणि त्याला काहीच नाव दिलं नाही.

मग मोजणी.
राहिलेल्या मोहाखालचे दोनशे चौदा.
जळल्या मोहाखालचे नऊ.

मी आकडा वाचला, पुढं बोलले नाही.
"माहाच मोह हाय तो," ती म्हणाली.
"पाचोळा न जाळता फूल वेचाव कसं?
पहाटे चारला, टोपलं घेऊन, अंधारात
पानात फूल सापडते का?"
माझ्या पुस्तकांत
पहाटे चारचं काही लिहिलेलं नव्हतं.

बाटली उचलून तिनं उजेडात धरली.
तळाशी दोनशे चौदा, तपकिरी, शांत,
कुणी आवळून चिमूटभर मीठ टाकावं तेवढे.
"माही आग," ती म्हणाली,
"तुमचा बल्ब."
आणि बाटली होती तिथंच ठेवली, हळू.

रात्री वीज गेली.
दुसऱ्या फेरीची माती चाड्यात गार होऊ लागली.
मी खाटेवर पडून विचार करत होते
त्यांच्यातल्या अर्ध्या वाटेवरच्यांचा:
खाली जावं की परत वर,
हे केसांनी चाचपत असतील आत्ता.

चारच्या सुमाराला बल्ब लागले, सहाही.
बाहेर टोपल्यांची कुजबुज, एक बॅटरी, कुणाचं तरी खोकणं.
मी उठून सहाव्या चाड्याचा बल्ब काढला.
गरम होता, ओढणीत धरून काढला.
माती परत पिशवीत भरली,
त्या मोहाखाली नेऊन ओतली, हातानं पसरली.
मान वाकलेली असताना
पाठीवर दोन फुलं पडली, ओली, जड.

वहीतला सहावा रकाना कोरा आहे.
समोर कारण लिहिलंय माझ्याच अक्षरात:
वीज नव्हती.